पहिला एलईडी पेटवण्याआधी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल, तर चिठ्ठी घरीच करा. काउंटरवर गर्दी असते आणि "एलईडी पेटवायला काय लागतं हो?" असं विचारलं, की दुकानदार म्हणतो, "व्हॅल्यू सांगा." म्हणजे रेझिस्टरची व्हॅल्यू: एलईडीसोबत ओळीत जोडायचा, धारा आवरणारा भाग. ती आधीच काढून ठेवू. बॅटरी 9 व्होल्टची, त्यातले साधारण 2 व्होल्ट लाल एलईडी स्वतःवर घेतो, उरले 7, ते रेझिस्टरवर. धारा 15 मिलिअँपिअर पुरे. 7 व्होल्ट भागिले 0.015 अँपिअर म्हणजे 467 ओहम, बाजारातली जवळची व्हॅल्यू 470. लिहा: 470 ओहम, पाव वॉट, दहा नग. आजच्यापुरता ओहमचा नियम एवढाच लागतो.

रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, तपकिरी हे पट्टे बघून घ्या, शेवटी सोनेरी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे. दुकानात कुणी रेझिस्टरला 'रेझिस्टन्स' आणि कपॅसिटरला (विद्युतभार साठवणारा भाग) 'कंडेन्सर' म्हणालं तर गोंधळू नका, वस्तू त्याच.

पैसे खर्चायचेच तर मल्टिमीटरवर (व्होल्टेज, धारा, रेझिस्टन्स मोजणारा मीटर) खर्चा, आणि त्यात कंटिन्युइटीचा बीप, म्हणजे जोड सलग असला की वाजणारा, हवाच. रात्री दिव्याखाली लाल आणि नारिंगी पट्टा मला आजही सारखाच दिसतो. मीटर लावला की वाद मिटतो. फक्त रेझिस्टन्स मोजताना बॅटरी काढलेली असू द्या. आणि लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला गेलात, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो.

ब्रेडबोर्ड, म्हणजे डाग न देता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी, घ्या, सोबत थोड्या जंपर वायरी. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना आडव्या ओळीतली पाच-पाच भोकं आतून जोडलेली असतात, कडेच्या लाल-निळ्या रेषा उभ्या जातात. काही बोर्डांत या रेषा मध्येच तुटलेल्या असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. घरी आल्यावर बीप लावून आधी तेच तपासा.

पुढच्या आठवड्यासाठी 100 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचे दोन कपॅसिटर घेऊन ठेवा. अंगावरच्या पट्टीकडचा पाय ऋण. मी एकदा उलटा लावला होता: फट्, आणि खोलीभर वास. '104' लिहिलेली छोटी चकती मात्र कशीही लावा, ती 0.1 मायक्रोफॅरडची. बीसी 547 ट्रान्झिस्टर (छोट्या धारेने मोठी धारा चालवणारा तीन पायांचा भाग) पाच घ्या, पहिले दोन आपण जाळतोच. सपाट बाजू समोर, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. सोल्डरिंग गन आत्ता नको. घरातल्या 230 व्होल्टच्या प्लगशी तर अजिबात खेळ नको.

बॅटरीची क्लिप सगळ्यात शेवटी जोडा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. पेटला नाही तर फिरवून लावा, तरीही नाही, तर त्या मधल्या तुटक्या रेषेपाशी मीटर नेऊन बघा.