लक्षद्वीपच्या रीफवर काम करायचंय? मग हे आधी वाचा

"मरीन बायोलॉजीत जायचंय, आधी डायव्हिंग शिकू का?" हा प्रश्न ज्युनिअर मंडळींकडून सारखा येतो म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. डायव्हिंग शिकाच, आपल्या तारकर्लीलाही होतं, ओपन वॉटर कोर्स केला की 18 मीटरपर्यंत जाता येतं. पण नुसत्या त्या कोर्सच्या कार्डावर कोणी प्रोजेक्टवर घेत नाही, मासे ओळखता येतात का ते बघतात.

माशांचा सर्व्हे म्हणजे साधारण असं, की रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, 50 मीटरची टेप टाकायची आणि तिच्या कडेने हळूहळू पोहत दोन्ही बाजूंचे मासे मोजायचे, जात लिहायची आणि लांबी अंदाजाने सेंटिमीटरमध्ये, सगळं प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने. पाण्यात वस्तू असते त्यापेक्षा मोठी दिसते त्यामुळे आधी पीव्हीसी पाइपचे ठरावीक मापाचे तुकडे पाण्यात बघून नजर बसवावी लागते. पोपट मासा तर डोकं फिरवतो, पिल्लू, मादी, मोठा नर सगळ्यांचे रंग वेगळे. आणि पाण्यात एक तास घातला की लॅपटॉपसमोर कितीतरी तास जातात, फोटोतलं कोरल (प्रवाळ) ओळखा, एक्सेल भरा, आकडेवारीसाठी आर ही प्रोग्रामिंग भाषा शिका. हा भाग आवडत नसेल तर हौशी डायव्हिंग करा की, त्यात काही कमीपणा नाही.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. रत्नागिरीचं फिशरीज कॉलेज, वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था), गोवा युनिव्हर्सिटी, पाँडिचेरी युनिव्हर्सिटीचा पोर्ट ब्लेअरचा विभाग, असे बरेच रस्ते आहेत, झूलॉजीवालेही येतात. पगार सुरुवातीला जेमतेम असतो हे घरी आधीच सांगून ठेवा.

आता लक्षद्वीपची बेटं. एकूण 36, वस्ती 10 वर, सगळी जमीन मिळून 32 चौरस किमी. बाहेरच्या माणसाला एंट्री परमिट लागतं, रिसर्चची परवानगी वेगळी आणि ती यायला वेळ लागतो म्हणून पावसाळ्यानंतरच्या सीझनसाठी कागद खूप आधी हलवायला घ्या. कोची ते बेट जहाजाने रात्रभराचा तरी प्रवास, विमान अगत्तीला उतरतं. कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल 1 मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा आठवण म्हणून खिशात टाकायचा नाही. मोडकं का होईना मल्याळम शिका, मिनिकॉय बेटावर मात्र महल नावाची भाषा बोलतात, तिथे मल्याळमवर सगळं भागत नाही.

भाषा का एवढी, तर संवर्धनाचं निम्मं काम जेटीवर, मच्छीमारांशी बोलण्यात होतं असं माझं मत आहे. 1998, 2010, 2016 आणि परत 2024, चार वेळा पाणी तापून इथलं कोरल पांढरं पडलं. तरी 1998 नंतर बऱ्याच ठिकाणी रीफ सावरलं, त्याचं एक मोठं कारण म्हणजे इथले लोक टुना, म्हणजे आपला कुपा, धरतात. लगूनमधून, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यातून, बारीक मासा जिवंत पकडायचा, खोल समुद्रात तो फेकून टुनाचा थवा जवळ आणायचा आणि गळाच्या काठीने एकेक मासा बोटीत उडवायचा. ही मिनिकॉयची जुनी पद्धत, 1960 च्या दशकात सरकारने बाकी बेटांवर नेली. त्यामुळे रीफवरचे शेवाळ खाणारे मासे वाचले आणि शेवाळ आटोक्यात राहिलं की नवीन कोरलला जागा मिळते. आता रीफच्या माशालाही बाहेर गिऱ्हाईक मिळायला लागलंय, खरी काळजी तिथे आहे, आणि ती नुसता कायदा दाखवून सुटणार नाही.

कासवांचंही तसंच. अगत्तीच्या लगूनमध्ये हिरवी कासवं एवढी वाढली की त्यांनी समुद्री गवत पार खाऊन टाकलं, गवत गेलं तसे त्यात वाढणारे मासे कमी झाले आणि मच्छीमार कासवांवर चिडले. नवीन पोरं लगेच कासवांची बाजू घेऊन भांडायला जातात. कशाला? अभ्यासातूनही साधारण तेच निघालंय जे ते मच्छीमार आधीपासून म्हणत होते, तेव्हा आधी चहा प्या आणि गवत कुठे कुठे होतं ते त्यांच्याकडून नकाशावर काढून घ्या, तो नकाशा तुमच्या थिसिसलाच लागणार आहे.

अर्ज करताना "मला समुद्राचं वेड आहे" वगैरे प्लीज लिहू नका, सगळेच लिहितात. त्याऐवजी भरती-ओहोटीचं टेबल बघून मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर जा, जे दिसेल त्याची तारीख-जागेसकट यादी करा, फोटो काढा आणि ती यादी जोडा.