वर्डमध्ये कलमांचे क्रमांक पक्के कसे बसवावेत

करारनामा, सोसायटीचे उपविधी किंवा प्रबंध लिहिताना १., १.१ आणि (क) अशी तीन पातळ्यांची क्रमवारी हमखास लागते. नंबरिंगचे बटण दाबून समास फूटपट्टीवर सरकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण मग क्रमांक सुट्या परिच्छेदाला चिकटतो आणि दुसऱ्या फाइलमधून चार कलमे आणून चिकटवली की मोजणी भलतीकडूनच सुरू होते. क्रमांक स्टाइललाच, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या मांडणीलाच, बांधलेला हवा.

प्रत्येक पातळीसाठी एक परिच्छेद-स्टाइल तयार ठेवावी. होम टॅबवरील मल्टीलेव्हल लिस्टमधून ‘डिफाइन न्यू लिस्ट स्टाइल’ निवडून तिला नाव द्यावे, ‘फॉरमॅट’खालचे ‘नंबरिंग’ उघडावे आणि ‘मोअर’ दाबावे.

बहुतेकांची गाडी अडते ती या चौकटीत. ‘एंटर फॉरमॅटिंग फॉर नंबर’ या रकान्यात करड्या पट्ट्यावर दिसणारा आकडा म्हणजे टंकलेले अक्षर नव्हे. मोजणी करणारे फील्ड तेच आहे. ते खोडून तिथे स्वतः १ टंकला, तर दस्तऐवजातील प्रत्येक कलम १ क्रमांकाचेच होते. टिंब किंवा कंस त्याच्या आजूबाजूला टंकावेत, त्याला हात लावू नये. दुसऱ्या पातळीसाठी मात्र रकाना मुद्दाम रिकामा करावा, ‘इन्क्लूड लेव्हल नंबर फ्रॉम’मधून पहिली पातळी घ्यावी, टिंब टंकावे आणि त्यानंतरच ‘नंबर स्टाइल’ निवडावी. शेवटी प्रत्येक पातळी ‘लिंक लेव्हल टू स्टाइल’मधून तिच्या स्टाइलला जोडावी, हे राहिले तर बाकीचा खटाटोप व्यर्थ आहे. ‘लीगल स्टाइल नंबरिंग’ या नावाला वकील मंडळी भुलतात, पण ती खूण सर्व पातळ्यांचे आकडे इंग्रजी अंकांत दाखवते. मराठी मसुद्यात ती करू नये.

देवनागरी अंक ‘नंबर स्टाइल’च्या यादीत दिसत नसतील, तर ऑफिसच्या भाषांमध्ये हिंदी जोडून वर्ड पुन्हा सुरू करावे. आपल्या सवयीचे अ, ब, क, ड मात्र तिथे मिळत नाहीत. ते हाताने टंकण्यापेक्षा क, ख, ग स्वीकारावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संविधानाच्या मराठी पाठातही उपखंडांना हीच अक्षरे आहेत.

समास याच चौकटीतील ‘अलाइन्ड अॅट’ आणि ‘टेक्स्ट इंडेंट अॅट’ यांनीच ठरवावेत. पुढे बदल करायचा झाल्यास मल्टीलेव्हल लिस्टच्या यादीतील आपल्या स्टाइलवर उजवी क्लिक करून ‘मॉडिफाय’ घ्यावे.

‘कलम ४.२ पाहावे’ असा उल्लेख कधीही हाताने टंकू नये. रेफरन्सेस टॅबवरील ‘क्रॉस-रेफरन्स’मधून घालावा आणि छपाईपूर्वी सर्व मजकूर निवडून एफ ९ दाबावे, कारण कलमे हलल्यावर हे उल्लेख आपोआप बदलत नाहीत.