आयरिश पणजीचा माग काढताना आधी १९११ची जनगणना उघडा

पणजी आयर्लंडची होती एवढंच घरात ठाऊक असेल, तर आधी १९११ची जनगणना उघडा. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११चे मूळ फॉर्म फुकट पाहता येतात. १९११मध्ये विवाहित स्त्रियांना विचारलं होतं: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, त्यांतली हयात किती? या तीन आकड्यांत एका बाईचं केवढं आयुष्य मावलंय! लग्नाचं साल अंदाजे हाती येतं, आणि घरात कुणी कधी नावही न काढलेली मुलं होती का, तेही कळतं.

वयावर मात्र विसंबू नका. १९०९मध्ये सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं, आणि १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येकांची वयं दहाहून जास्त वर्षांनी वाढलेली दिसतात.

माहेरचं आडनाव मुलांच्या जन्मनोंदीत सापडतं. सगळ्या जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंदणी १८६४पासूनची. त्याआधीसाठी कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या बघा. डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या ऑनलाइन ठेवल्या आहेत. १९२२च्या आगीत डब्लिनचं जुनं सरकारी दप्तर जळालं, म्हणून या वह्या अनमोल. त्यांतली गॉडफादर-गॉडमदरची नावं जरूर उतरवून घ्या. पुष्कळदा ते मामा-मावशीच निघतात.

पणजोबा ब्रिटिश फौजेतून मुंबई इलाख्यात आले असतील, तर लग्नाची नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधा.