'आता वय झालं' हे म्हणणं कसं सोडायचं, आणि शरीराचा त्याच्याशी काय संबंध

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, फिजिओथेरपीवाल्या ताईंनी वॉकर धरून उभं केलं, रोज चालवा म्हणून बजावलं, आणि घरी आल्या आल्या आई म्हणे, "बाई, पिकलं पान आहे मी, काहून चालवून राहिली मला?" वय ७४. टाके वाळले, एक्स-रे चांगला आला, तरी ती बेडवरच. हाड कधीचं जुळलं होतं, ती अडली होती त्या एका वाक्यात, आणि हे माझ्या डोक्यात यायला दोन महिने गेले याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून या विषयावर जे वाचलं आणि घरात जे करून पाहिलं ते इथे लिहून राहिली आहे, कुणाच्या आईबाबांना किंवा तुम्हाला स्वतःला कामी पडेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आधार कार्डवरचं वय वेगळं आणि पेशींचं वय वेगळं. आपल्या डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक ठिपके असतात, वयानुसार ते कुठे वाढतात कुठे कमी होतात, आणि २०१३ मध्ये स्टीव्ह होर्व्हाथ या शास्त्रज्ञाने अशा ३५३ जागा पाहून वय ओळखायचं गणित मांडलं. मला सगळ्यात जास्त धीर दिला तो २०२३ च्या एका अभ्यासाने, त्यात खुब्याचं तातडीचं ऑपरेशन झालेले म्हातारे पेशंटही होते, म्हणजे अगदी माझ्या आईसारखे. ऑपरेशनच्या ताणाने त्यांचं पेशींचं वय वर गेलं आणि बरं होताना काही दिवसांत परत खाली आलं. मी तर समजत होते की हे वय फक्त पुढेच जातं.

(ऑनलाइन 'बायोलॉजिकल एज' टेस्ट विकतात त्यात पैसे घालू नका, त्याच पैशात शुगर, बीपी, हिमोग्लोबिन नीट तपासून होईल आणि उरलेल्यात चांगले बूट येतील.)

आठवडाभर फक्त मोजा. एक छोटी वही घ्या, कॅलेंडरची मागची बाजूही चालेल, आणि घरात कुणीही "वय झालं", "आता काय राहिलं", "या वयात कशाला" म्हटलं की एक रेघ मारा. कुणाला टोकू नका, नुसती रेघ. आमच्या घरी पहिल्या आठवड्यात ४१ रेघा झाल्या, त्यातल्या ११ माझ्या, आणि मी ५२ ची आहे!

हे एवढं मनावर का घ्यायचं तर येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावातल्या पन्नाशीपुढच्या ६६० लोकांची माहिती तपासली. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल ज्यांचं मत चांगलं होतं ते बाकीच्यांपेक्षा सरासरी ७.५ वर्षं जास्त जगले. म्हणजे रोज सकाळी 'मी तरुण आहे' म्हटलं की साडेसात वर्षं मिळाली असं नाही हो, सरासरी आहे ती. पण घरात पाहिलं तर यातलं निदान एक कारण तरी मला डोळ्यांनी दिसलं, वयाच्या नावावर टाकलं की माणूस इलाजच करत नाही. कमी ऐकू येतं, वय झालं. मोतीबिंदू, वय झालं. रात्री पाच वेळा उठावं लागतं, वय झालं. आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर डॉक्टरकडे उपाय असतो.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून वाक्य बदला. "वय झालं"च्या जागी नेमकं काय होतंय ते बोला आणि त्याच्या मागे एक काम जोडा. "जिना चढताना डावा गुडघा दुखतो, गुरुवारी दाखवते." आईचं पहिलं वाक्य होतं, "उठताना चक्कर येते, भीती वाटते." त्या चक्करेबद्दल दोन महिने ती कुणाला बोललीच नव्हती! डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली आणि आठ दिवसांत ती वॉकर घेऊन अंगणापर्यंत आली.

पुढचं लिहून काढा. मानसशास्त्रात एक साधा प्रयोग करतात, रोज २० मिनिटं असं सलग ४ दिवस लिहायचं, की पुढे सगळं जमेल तितकं चांगलं झालं तर माझं आयुष्य कसं असेल. मोघम लिहू नका, 'सगळे सुखी असतील' याचा काही उपयोग नाही. कोणता महिना, कोण कोण घरी आलं, तुम्ही काय करून राहिले, हातात काय आहे, असं लिहा. आईला लिहायचा कंटाळा, म्हणून ती बोलली आणि मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. तिने सांगितलं की नातवाच्या लग्नाआधी सांडगे ती स्वतः घालते आहे, गच्चीवर, आणि कावळे हाकलायला काठी घेऊन बसली आहे. दुसऱ्याच दिवशी विचारते, गच्चीच्या पायऱ्या किती आहेत ग? एकोणीस. मग फिजिओवाल्या ताईंना विचारून आधी एक पायरी, मग तीन, कठडा धरून आणि मागे मी.

काळजीला वेळ ठरवून द्या. हे मी मुख्यतः सांभाळणाऱ्यांसाठी सांगते. २००४ मध्ये एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न (ब्लॅकबर्नना पुढे २००९ चं नोबेल मिळालं) या शास्त्रज्ञांनी ५८ आयांचा अभ्यास केला, त्यातल्या बऱ्याच जणी वर्षानुवर्षं आजारी मुलाला सांभाळत होत्या. गुणसूत्रांच्या टोकाला टेलोमिअर असतात, गोधडीची किनार उसवू नये म्हणून काठाला टीप मारतो ना तसे, आणि ते वयानुसार आखूड होत जातात. ज्यांना सगळ्यात जास्त ताण वाटत होता त्यांचे टेलोमिअर सगळ्यात कमी ताण वाटणाऱ्या आयांपेक्षा निदान १० वर्षं जास्त वय असल्यासारखे आखूड होते. हे वाचलं त्या रात्री मी स्वतःकडे बघितलं, झोप चार तास, जेवण उभ्या उभ्या.

आपल्या नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबत (वाईटाचा मोठा पुतळा) निघते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर ओरडतं आणि शेवटी तिला जाळून मोकळं होतं. मला त्यातलं ते मोकळं होणं घ्यावंसं वाटलं. संध्याकाळी सातला १५ मिनिटं बसते, डोक्यातलं सगळं कागदावर लिहिते, ज्याचं उद्या काही करता येईल त्याच्यापुढे काम लिहिते, बाकीचा कागद फाडून टाकते. रात्री तेच परत आलं तर 'उद्या सातला' म्हणते आणि श्वास सावकाश सोडते, घेतला त्याच्या दुप्पट वेळ. दर वेळी जमत नाही, पण आठवड्यातून चार दिवस जमलं तरी झोपेत फरक पडतो. आणि रविवारचे तीन तास आईजवळ वहिनी बसते, हे मी तोंडाने मागून घेतलं. तुम्हीही मागा, आपोआप कुणी देत नाही.

चालणं, त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्याचं आधीच ठरवा, कारण नवतपा लागला, पारा ४५ च्या वर गेला की चालणं सुटतं आणि सुटलेलं पावसाळ्यातही परत लागत नाही. मे महिन्यात पहाटे साडेपाचला फुटाळ्यावर किंवा सेमिनरी हिल्सवर जा, नाहीतर घरातल्या घरात कूलरसमोर फेऱ्या, पण चप्पल घालून. शक्यतो कुणाला सोबत घ्या, चालल्यानंतर पंधरा दिवसांतून एकदा तर्री पोहा खाल्ला तर मी काही म्हणणार नाही.

आता एक गोष्ट जी करू नका. आजारी माणसाला "पॉझिटिव्ह राहा, मग बरं वाटेल" असं म्हणू नका. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे सात लाख बायकांचा अभ्यास छापून आला, त्यात आधीची तब्येत हिशोबात धरल्यावर फक्त आनंदी असल्याने मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. आजारपणामुळे माणूस दुःखी होतो, तो दुःखी आहे म्हणून आजार वाढला असा ठपका त्याच्यावर ठेवणं फार वाईट आहे. त्याला रडू द्या, जवळ बसा. आणि दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही असं असेल तर हे वहीबिही सगळं बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, १४४१६, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सुरुवात वहीपासूनच करा, आज रात्रीच. आमच्या वहीत मागच्या आठवड्यात ६ रेघा होत्या, आणि आता त्या आई मारते, माझ्यावर लक्ष ठेवून.