स्ट्रीमिंग एपीआयची क्लायंट लायब्ररी लिहिताना

स्ट्रीमिंग एपीआयमध्ये कनेक्शन उघडं राहतं आणि सर्व्हर त्यावरून डेटा सतत पाठवत राहतो. असं कनेक्शन उघडून डेटा वाचायला वीस-पंचवीस ओळी पुरतात; तेवढ्यासाठी कुणी लायब्ररी शोधत नाही. ती लागते स्ट्रीम तुटल्यावर, आणि त्याहून जास्त स्ट्रीम न तुटता गप्प झाल्यावर.

प्रॉक्सी, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हरमधला मध्यस्थ, कनेक्शन गुपचूप सोडून देतो, टीसीपीला (कनेक्शन सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलला) पत्ता लागत नाही आणि वाचणारा थ्रेड तासन्‌तास अडकून बसतो. म्हणून रीड टाइमआउट, म्हणजे पुढचा डेटा येण्याची किती वाट पाहायची ती मर्यादा, मुळातच चालू ठेवा. सर्व्हर दर 15 सेकंदांनी हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगणारा छोटा संदेश) पाठवत असेल, तर 45 सेकंदांच्या शांततेनंतर कनेक्शन मेलं असं धरा. एखादा हार्टबीट उशिरा आला म्हणून तोडू नका. अख्ख्या रिक्वेस्टवरचा टाइमआउट मात्र बंद हवा, नाहीतर धडधाकट स्ट्रीमही मध्येच कापली जाते.

पुन्हा जोडताना 1 सेकंदापासून सुरुवात करा, दरवेळी दुप्पट थांबा, कमाल 60 सेकंद. त्यात रँडम फरक मिसळा. तो नसेल तर सर्व्हर रीस्टार्ट होताच सगळे क्लायंट एकाच क्षणी धडकतात. थांबण्याची वेळ पुन्हा 1 वर आणायची ती पहिला संदेश हाती आल्यावर. नुसतं कनेक्शन जुळल्यावर आणली, तर जोडून लगेच तोडणाऱ्या सर्व्हरवर क्लायंट सेकंदा-सेकंदाला आदळत राहतो. 429 (फार रिक्वेस्ट झाल्या) हा एरर कोड आला तर किती थांबायचं ते सांगणारं ‘रिट्राय-आफ्टर’ हेडर पाळा. 401 किंवा 403 (ओळख पटली नाही किंवा परवानगी नाही) आला तर पुन्हा प्रयत्न नकोच, एरर सरळ वर द्या.

सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये (एचटीटीपीवरून स्ट्रीम पाठवण्याची एक ठरलेली पद्धत) शेवटच्या संदेशाचा आयडी ‘लास्ट-इव्हेंट-आयडी’ हेडरमध्ये पाठवून राहिलेल्या जागेपासून पुढे मागता येतं, अर्थात सर्व्हरने जुने इव्हेंट जपले असतील तर. हा आयडी संदेश आल्यावर नव्हे, ॲपने तो हाताळल्यावर पुढे सरकवा. मग काही संदेश दोनदा येतील. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहा.

नेटवर्कवरून एका वेळी हाती येणारा डेटाचा तुकडा, म्हणजे चंक; पण चंक म्हणजे संदेश नव्हे. यूटीएफ-8 या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं आणि चंक त्याच्या मधोमध तुटू शकतो. प्रत्येक चंक सुटा डीकोड केला की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. इंग्रजी डेटावर चाचण्या केल्या तर हा बग कधीच दिसत नाही. चाचणीत मराठी मजकूर एकेक बाइट करून पार्सरला (आलेल्या डेटातून संदेश वेगळे काढणाऱ्या कोडला) भरवा.

संदेश वाचणारं ॲप मंद असेल तर न वाचलेल्या संदेशांची अमर्याद रांग मेमरी खाते. रांगेला मर्यादा घाला. ती भरल्यावर थांबायचं, जुनं टाकायचं की कनेक्शन तोडायचं, हे डेव्हलपरला ठरवू द्या. टाकलेल्या संदेशांची मोजणी उघड ठेवा. आणि क्लोज म्हटल्यावर अडकलेलं वाचन तर थांबलंच पाहिजे, पुन्हा जोडण्याआधीची 60 सेकंदांची झोपही तिथेच मोडली पाहिजे.