पत्ता अपुरा : पुण्याच्या पेठांमधली एक घरगुती हेरगिरी

एक पाकीट घ्या. जुनं खाकी मिळालं तर उत्तम, नाहीतर पांढरं पाकीट चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यावर शाईच्या पेनाने लिहा, 'रे मार्केट, पुणे शहर'. खाली लाल अक्षरात आडवा शेरा मारा, 'पत्ता अपुरा'. झाली केस तयार. हे पत्र जिथलं तिथे पोचवायचं, एवढंच मुलांना सांगायचं.

मी पोस्टमन होतो. बुधवार आणि शुक्रवार पेठेत माझं बीट. ज्या पत्राचा पत्ताही लागत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, ते शेवटी आमच्याकडे आर.एल.ओ.ला, म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिसला जातं. तिथे ते उघडून धागेदोरे शोधतात. हे ऐकल्यावर माझी दहा वर्षांची नात म्हणाली, "आबा, म्हणजे तुम्ही डिटेक्टिव्हच की!" सहा वर्षांच्या नातवाने लगेच माझं भिंग पळवलं. तिथून हे सुरू झालं.

पहिला प्रयत्न साफ फसला, तो आधी सांगतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. मी चिठ्ठ्या जागोजागी लपवल्या होत्या. एक देवळाच्या पायरीच्या फटीत, एक कुंडीत, आणि एक खूण तर चक्क दुकानाच्या पाटीवर ठेवली होती : 'तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द वाचा'. सकाळी पायऱ्या झाडल्या गेल्या, कुंडीला पाणी घातलं गेलं आणि पाटीवर सेलचा फ्लेक्स चढला. नातू रस्त्यात बसून रडला. तेव्हापासून चिठ्ठ्या माझ्या पिशवीत असतात, नंबर घातलेल्या पाकिटांत. एक उत्तर बरोबर आलं की पुढचं पाकीट. आणि खूण म्हणून घ्यायचं ते दगडातलं, लाकडातलं, लोखंडातलं, नाहीतर लोकांच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या बसलेलं.

रस्ता सोपा आहे. शनिवारवाडा, लाल महाल, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई. अंतर फार नाही, पण मुलं बरोबर असली की दोन-अडीच तास सहज जातात. सुट्टीचा दिवस नको, गणपतीचे दिवस तर नकोतच. तुळशीबागेतली गर्दी वाढण्याआधी तिथून बाहेर पडायचं असेल तर सकाळी लवकर निघा.

शनिवारवाड्यासमोर उभं करून पहिलं पाकीट द्या. माझा कोडं असं आहे... थांबा, नात म्हणते 'माझं कोडं' म्हणा. तर माझं कोडं असं :

हत्ती आला धडक द्यायला,
कपाळ चोळत मागे फिरला.
त्याला टोचलं ते मोज.

उत्तर दिल्ली दरवाज्यावर आहे. हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे, एका झडपेवर नऊ गुणिले आठ, म्हणजे ७२. धाकट्याला बोटाने मोजू द्या. तो चाळिसापाशी चुकतो, परत पहिल्यापासून सुरू करतो, तोवर थोरलीला ओळी आणि रांगा दिसतात आणि ती गुणाकार करून मोकळी होते. इथे घाई करू नका.

बरेच जण मला म्हणाले, नारायणरावाच्या खुनाची केस करा, ३० ऑगस्ट १७७३, वाडा समोरच आहे. मी केली नाही. सहा वर्षांच्या पोराला रात्री झोप लागायला हवी. 'ध'चा 'मा' मात्र मी थोरलीला सांगितला. 'धरावे'चं 'मारावे' झालं अशी गोष्ट सांगतात. ती ऐकल्यापासून ती प्रत्येक चिठ्ठीतलं अक्षर न्‌ अक्षर भिंगाखाली धरते. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांनाच दोषी ठरवलं, हेही सांगा. तपास म्हणजे काय हे त्यातून बरोबर पोचतं.

वाडा सोडण्याआधी दुसरा प्रश्न : 'या पटांगणात पूर्वी रोज काहीतरी भरायचं. ते कुठे गेलं?' इथे साक्षीदार लागतो. प्रत्येक ठिकाणी एक साक्षीदार, हा माझा नियम आहे. मुलांनी स्वतः जायचं, "काका, एक विचारू का?" म्हणायचं आणि विचारायचं. आपण चार पावलं मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे दुसरं फार जड जातं. बाकावर बसलेले कोणी ना कोणी सांगतातच, भाजीबाजार इथे उघड्यावर भरायचा. मुलं वहीत लिहितात : 'बाजार हलला. कुठे?'

लाल महाल रस्त्याच्या पलीकडेच. इथलं पाकीट मुद्दाम चकवा देणारं आहे. 'ही भिंत शिवाजी महाराजांनी पाहिली होती का?' मुलं ठामपणे हो म्हणतात. मग त्यांना दगड बघायला लावा, कडा किती सरळ, किती कोऱ्या. १६६३ साली शाहिस्तेखानावर छापा पडला तो याच परिसरातल्या लाल महालात, पण आज दिसते ती इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात बांधली आहे. नातवाने वहीत लिहिलं, 'वाडा जुना पण नवा'. मी दुरुस्त केलं नाही.

इथून बाजीराव रस्त्याने खाली यायचं. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांपाशी दहा मिनिटं जातील, ती धरूनच चाला. चालता चालता मी एक तोंडी प्रश्न टाकतो : मोहियाबाद कुठे आहे? उत्तर, त्यांच्या पायाखाली. औरंगजेबाचा मुक्काम इथे पडला होता तेव्हाचं, १७०३ सालचं, बुधवार पेठेचं हे नाव. म्हणजे पेठेचं नाव बदलू शकतं, तर मार्केटचंही. ही खरी किल्ली आहे, पण ती आपण त्यांच्या हातात द्यायची नाही.

विश्रामबागवाड्याचं पाकीट :

पाणी नाही, माती नाही,
दोनशे वर्षं वाळलं नाही.
असलं झाड कुठलं बाई?

दर्शनी बाजूचे कोरीव लाकडी खांब बघा, सुरूच्या झाडासारखे. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा १८०७ च्या सुमाराला उभा राहिला. आणि इथे एक खरी पोलीस केस आहे. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा जळाला आणि याही वाड्याचा काही भाग जळाला. तेव्हा वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड गाजत होतं, त्यामुळे संशय आधी त्यांच्या माणसांकडे गेला. आग लावणारा भलताच निघाला. थोरल्या मुलांना विचारा : संशय तिकडेच का गेला असेल? माझी नात म्हणाली, "कारण ते आधीच रागावलेले होते ना." मग थोडा विचार करून म्हणाली, "आमच्या वर्गात पण असंच होतं."

रस्ता ओलांडताना धाकट्याचा हात घट्ट धरा. वाहनं थांबतील या भरवशावर राहू नका.

तुळशीबागेत दोन्ही बाजूंना बांगड्या, भातुकली, पितळी भांडी. तपास इथेच बारगळतो. मी सांगतो, आधी राममंदिराच्या कळसाकडे बघा, त्यावर किती माणसं बसवली आहेत ती हेरा, मग भातुकली. हे देऊळ बांधलं नारो अप्पाजी खिरे यांनी, म्हणजे तुळशीबागवाल्यांनी. माना दुखेपर्यंत बघतात मुलं.

इथेच जवळ जिलब्या मारुती आहे. माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगतो : घर सापडलं नाही की पुण्यात देव विचारायचा. समोर हलवायाचं दुकान होतं म्हणून हा जिलब्या, पासोड्या विकायला बसत म्हणून तो पासोड्या विठोबा, अशी गोष्ट जुने लोक सांगत. देवांची नावं जोडली की जुना बाजार डोळ्यांसमोर येतो. मुलांना कागदावर लिहू द्या : कुठल्या देवाशेजारी काय विकत असतील? नातवाचं उत्तर होतं, "डुल्या मारुतीजवळ झोपाळे."

मग मंडई. अष्टकोनी मनोरा दिसला की शेवटचं पाकीट. त्यात मी एकच ओळ लिहिली आहे : 'बाजार १८८६ साली वाड्यासमोरून हलला. मुंबईच्या गव्हर्नरचं नाव होतं लॉर्ड रे.' बस. थोरलीने वही चाळली, मोहियाबादपाशी बोट ठेवलं आणि किंचाळली, "आबा, हेच आहे! रे मार्केट म्हणजे मंडई!"

पत्र घ्यायला कोणीतरी हवं. आदल्या दिवशी ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवा, मेथीच्या दोन जुड्या घ्या आणि खाऊची पुडी त्यांच्याकडे ठेवा. त्या पत्र घेतील, सही करतील, खाऊ देतील. आमच्या वेळी मावशींच्या जागी त्यांची सून बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने पाकीट उलटसुलट केलं आणि म्हणाली, "आमचं नाही हो हे." पोस्टात याला शेरा आहे, 'घेण्यास नकार'. मी तो तिथेच लाल पेनाने मारला. मावशी चहा पिऊन येईपर्यंत दोघं मुलं पाकीट छातीशी धरून फ्लॉवरच्या ढिगाशेजारी उभी होती.

परत निघताना मी त्यांना राहिलेलं सांगितलं. ज्योतिराव फुले नगरपालिकेत होते, आणि या इमारतीवरच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला फुल्यांचंच नाव मिळालं.

नात थांबली. मनोऱ्याकडे बघून म्हणाली, "पण मग त्यांना आवडलं असतं का हे?"

मी पिशवीत हात घातला. पुढचं पाकीट नव्हतं.