पोर्ट्रेटसाठी पहिली स्वस्त लेन्स घेताय? या चुका टाळा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर घरच्यांचे फोटो काढून झाले आणि मागचं सगळं छान धूसर करणारी लेन्स हवीशी वाटू लागली, की जो तो एकच सल्ला देतो: '५० एमएम एफ १.८ घे, डोळे झाकून.' यातला एमएमचा आकडा जितका मोठा तितकी चौकट आवळलेली, आणि एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. लेन्स उत्तमच आहे. १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ १.८ तिच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत घेते. पण डोळे झाकून घेऊ नका. पैसे वाया जातात ते बहुतेकदा लेन्स आपल्या बॉडीशी, म्हणजे कॅमेऱ्याशी, किंवा आपल्या खोलीशी न जुळल्यामुळे.

निकॉनवाल्यांनी जास्त जपायला हवं. ही लेन्स दोन प्रकारांत सापडते: जुनी 'डी' आणि २०११ मध्ये आलेली एएफ-एस 'जी'. डी स्वस्त मिळते, पण तिच्यात फोकसची मोटर नसते. ती बॉडीतल्या मोटरवर चालते आणि डी ३५०० किंवा डी ५६०० मध्ये ती मोटरच नाही. लेन्स बसते, फोटोही निघतो, फक्त ऑटोफोकस होत नाही. अशी लेन्स आधीच गळ्यात पडली असेल आणि कॅमेरा एरर दाखवत असेल, तर तिची अ‍ॅपर्चर रिंग (एफचे आकडे असलेली कडी) २२ वर नेऊन लॉक करा, एरर जाईल. मग हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरमधल्या हिरव्या ठिपक्यावर लक्ष ठेवा.

कॅननच्या १५००डी किंवा २००डी वर ईएफ ५० एमएम एसटीएम सरळ चालते. आर ५० किंवा आर १०० असेल तर आरएफ माउंटची (त्यांच्या जोडणीला थेट बसणारी) घ्या; ईएफ लेन्स त्यांना अडॅप्टरशिवाय बसत नाही. सेकंडहँड ईएफ स्वस्तात मिळतेय म्हणून उचलायची असेल, तर अडॅप्टरची किंमत आधी त्यात मिळवा.

आता खोली. याकडे फारच थोडे जण बघतात. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे ५० एमएमची चौकट फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ७५-८० एमएमएवढी आवळते. कॅमेरा उभा धरून कमरेपर्यंतचा फोटो काढायला साधारण साडेसहा फूट अंतर पुरतं. उभा माणूस नखशिखान्त घ्यायचा तर तेरा-चौदा फूट मागे जावं लागतं. शिवाय पाठीमागची भिंत धूसर व्हायची तर माणूस भिंतीपासून चार पावलं पुढे हवा. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये हे गणित बसत नाही. घरात फोटो काढायचे असतील तर ८५ एमएमचा मोह टाळाच; तिला पूर्ण माणसासाठी बावीस ते चोवीस फूट लागतात. लहान घरात मुलांचे फोटो काढणाऱ्याला ३५ एमएम जास्त उपयोगी पडेल, असं माझं ठाम मत आहे.

खात्री फुकटात होते. किट लेन्सची झूम रिंग ५५ च्या किंचित अलीकडे चिकटपट्टीने पक्की करा आणि आठवडाभर तशीच वापरा. मग ३५ वर. कुठे अडलं, ते पाठ भिंतीला टेकली की कळतं.

लेन्स आली, आणि 'डोळे शार्प येत नाहीत' ही तक्रार सुरू झाली? एफ १.८ वर एक मीटरवरून जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीचा पट्टाच शार्प राहतो. चेहरा जरा तिरका असला की एक डोळा त्यातून निसटतो. एफ २.८ वर या, दीड-दोन मीटरवर उभे राहा, पार्श्वभूमी तरीही सुंदर विरघळते. फोकस पॉइंट कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. एकच पॉइंट निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा. शटर १/१२५ सेकंदाहून हळू नको. या लेन्समध्ये हात हलल्याचा धक्का सावरणारी सोय नाही, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० झालं तरी चालेल.

एवढं करूनही डीएसएलआरवर फोटो मऊच येत असतील, तर कॅमेरा ट्रायपॉडवर लावून समोर छापील मजकुराचा कागद ठेवा. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून, एक लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून), दोन्ही एफ १.८ वर. लाइव्ह व्ह्यूचा फोटो सतत जास्त शार्प आला, तर फोकस पुढे-मागे पडतोय. सुरुवातीच्या बॉडींमध्ये सहसा तो मेनूतून सुधारता येत नाही. दोन्ही फोटो घेऊन लेन्स आणि बॉडी एकत्रच सर्व्हिस सेंटरला दाखवा, आणि हे वॉरंटी संपायच्या आत करा.